डॉक्टरसमोर गार पडणारे पाय

मखमलाबादच्या नवसाबाईंचे पाय पहिल्यांदा पेटले ते शेवंतीच्या तोड्याच्या दिवसांत. संध्याकाळी फुलांचे क्रेट टेम्पोत चढवून त्या ओट्यावर टेकल्या आणि तळपायांना निखारा लावावा तशी आग सुरू झाली. पाहिलं तर दोन्ही पाय घोट्यापर्यंत लालबुंद. त्यांनी हौदात पाय सोडले. अर्ध्या तासाने आग उतरली.

"सकाळी फवारलेल्या वाफ्यातून अनवाणी फिरले, त्याचं असंल," त्या नवऱ्याला म्हणाल्या. पुंजाजींनाही ते पटलं.

पण फवारणी नव्हती त्या आठवड्यातही पाय पेटले. मग अंगातली उष्णता म्हणून सब्जा झाला, गुलकंद झाला. शेजारणीने सांगितलं म्हणून सून सुवर्णाने काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळलं. त्याने आग जास्तच भडकली. पांघरूण सहन होईना, चप्पल सहन होईना. चुलीपुढे बसलं की आग, उन्हातून चाललं की आग. आणि कधीकधी काहीच न करता आग.

दवाखान्यात जायचं ते सकाळी, आणि सकाळी पाय अगदी शहाण्यासारखे असायचे. रंग नेहमीचा, हात लावला तर उलट गार. डॉक्टर दाबून बघायचे, साखर तपासायचे, ती नसायची. एकाने वयाचं म्हणून कॅल्शियम दिलं. दुसऱ्याने विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का?" नवसाबाई विचार करत बसल्या. टेन्शन म्हटलं तर कुणाच्या घरात नसतं?

थोरली जाऊ चिमणाबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "तोड्याच्या टायमालाच बरे दुखत्यात हिचे पाय."

नवसाबाईंना राग यायला हवा होता. त्यांना भीतीच वाटली. वयाच्या दहाव्या वर्षापासून फुलं खुडणारी बाई काम कशाला टाळेल, हे त्यांना ठाऊक होतं. तरी मनात आलं, की डॉक्टरला दिसत नाही, रिपोर्टात येत नाही, मग आपणच तर हे करत नाही ना? आपल्या नकळत?

हळूहळू त्यांनी बर्फ धरला. रोज संध्याकाळी बादलीत फ्रिजमधला बर्फ ओतायचा आणि दोन-दोन तास पाय बुडवून बसायचं. तेवढाच वेळ सुखाचा. पण पाय बाहेर काढले की आग दुप्पट, म्हणून पुन्हा बादली. पावलांची कातडी पांढरी पडून सुरकुतली, बोटांच्या बेचक्या फाटल्या, एका जागी जखम झाली. सुवर्णाने ते पाहिलं आणि एका संध्याकाळी पाय पेटलेले असताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवला. तिचं माहेर नाशिक रोडचं. तिथल्या डॉ. मनीषा या होमिओपॅथीच्या डॉक्टर तिच्या माहितीतल्या होत्या. सासूला ती त्यांच्याकडे घेऊन गेली.

तिथे नवसाबाई आणखीच गोंधळल्या. पायाचं विचारायचं सोडून मॅडम भलतंच विचारत होत्या. तहान किती लागते? झोप कोणत्या कुशीवर? स्वप्नं कसली पडतात? कशाची भीती वाटते?

"मॅडम, दुखतंय पायाला," त्या शेवटी म्हणाल्या.

"माहितीये मावशी. पण पाय तुमचेच आहेत ना, म्हणून तुमचं विचारते."

तासभर बोलणं झालं. भीतीच्या प्रश्नाला नवसाबाईंनी उत्तर दिलं, "मला येड लागलंय का, याची." हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. मग सुवर्णाने व्हिडिओ दाखवला. मॅडमनी तो दोनदा पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली.

"येड नाही लागलेलं. हा एक दुर्मीळ आजार असावा. मी पुस्तकात वाचलाय, पेशंट कधी पाहिला नव्हता." त्यांनी नाव सांगितलं, एरिथ्रोमेलाल्जिया. नवसाबाईंना त्यातलं 'मेला' तेवढं कळलं आणि त्या दचकल्या. मॅडम हसल्या. "त्याचा मरणाशी संबंध नाही. मी गोळ्या देते, पण माझ्या एकटीच्या भरवशावर राहू नका. चिठ्ठी देते, नसांच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त तपासायला लागेल. आणि बर्फ आजपासून बंद."

"बर्फ बंद केला तर मी जगू कशी?"

"पंखा लावा, पाय उशीवर उंच ठेवा. फारच झालं तर साध्या पाण्याने ओला केलेला रुमाल, तोही थोडाच वेळ. बर्फाने बरं वाटतं, पण कातडी मरते."

नसांच्या डॉक्टरांनी व्हिडिओ पाहून तेच नाव घेतलं. रक्तात काही निघालं नाही. कारण काय, तर तेही म्हणाले, सांगता येत नाही. जखमेला मलम आणि रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. आता घरात दोन औषधं झाली, एक कडू आणि एक साबुदाण्याएवढं गोड.

दोन महिन्यांत जखम भरली. रोज पेटणारे पाय आठवड्यातून दोन-तीनदा पेटू लागले. नवसाबाईंनी मनाशी ठरवलं की गुण गोड गोळ्यांचाच. इतक्या आपुलकीने विचारणाऱ्या बाईचं औषध लागू पडणारच. कडू गोळ्यांनी गरगरायचं, म्हणून त्या त्यांनी कुणाला न सांगता एकदम सोडून दिल्या.

पाचव्या दिवशी भाचीची हळद होती. मांडवात उकडत होतं, गर्दी होती, पायात नवी चप्पल होती. नवसाबाई अर्ध्या कार्यक्रमातून उठल्या आणि नळाखाली पाय धरून लहान मुलीसारख्या रडल्या. चिमणाबाई मागोमाग आली होती. जावेचे पाय पेटलेले तिने पहिल्यांदाच जवळून पाहिले. मग ती पदराने वारा घालत बसली.

दुसऱ्या दिवशी डॉ. मनीषा चिडल्याच. "मी सांगितलं होतं का, त्या गोळ्या बंद करा म्हणून?"

"मला वाटलं, गुण तुमच्या गोळ्यांचा हाय."

"मला तसं वाटायला आवडलं असतं. पण काल काय झालं ते तुम्ही पाहिलंत. त्या सोडल्या आणि पाय पेटले."

"मग तुमच्या गोळ्या कशाला खायच्या?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? मला पक्कं माहीत नाही. बर्फ सुटला, थंडी आली, त्यांच्या गोळ्या चालू होत्या, माझ्याही होत्या. कशाने किती, हे मला वेगळं काढता येत नाही. नको असतील तर सोडा. पण महिन्याला येऊन मला पाय दाखवत जा."

नवसाबाईंनी दोन्ही चालू ठेवल्या. त्या अजून तोड्याला जातात, पण उजाडताच, आणि ऊन चढायच्या आत परततात. संध्याकाळची टेम्पोची भरणी चिमणाबाई करते. आजार गेलेला नाही. तो का आला हेही कुणी सांगितलेलं नाही. बाजारात फुलं विकताना त्या क्रेट उलटा करून त्यावर पाय ठेवून बसतात. परवा पायांची आग होते म्हणणाऱ्या एका ओळखीच्या बाईने विचारलं, "कशानं बरं वाटलं गं तुला?"

नवसाबाईंनी क्रेटवरचे पाय सरळ केले. "मला नाय सांगता यायचं," त्या म्हणाल्या, "पण तू आधी व्हिडिओ काढ. सकाळी पाय काय बोलत न्हाईत."