तळ्याकडच्या रस्त्याचा सौदा

लुसील गॅन्यॉनची उभी हयात शाळेची बस चालवण्यात गेली. कागदाची गिरणी बंद पडली, निम्मं हार्लो फॉल्स गाव पोटामागे दक्षिणेला गेलं, तरी तिची बस रोज सकाळी तळ्याकडच्या रस्त्याला वळायचीच. निवृत्तीनंतर ती गावाच्या कारभारी मंडळावर निवडून आली, तीही दुसरं कुणी उभंच राहिलं नाही म्हणून. केबल कंपनीशी गावाचा करार संपत आला, तेव्हा बोलणी करायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. साथीच्या वर्षी शाळा बंद होत्या, तेव्हा तळ्याकडची पोरं इंटरनेट मिळावं म्हणून वाचनालयाच्या आवारात, आईबापांच्या गाड्यांत कुडकुडत धडे गिरवताना तिनं पाहिली होती. त्यांच्या रस्त्याला केबल गेलेलीच नव्हती, मग घरात इंटरनेट कुठून येणार?

कंपनीचा माणूस डग्लस प्रायर बोलायला गोड होता. "दोन्ही नाही जमायचं, मॅडम," तो म्हणाला. "केबल हवी, की तुमचा तो स्टुडिओ? एकाचं नाव घ्या."

स्टुडिओ म्हणजे चर्चच्या जुन्या शाळेचं तळघर. कंपनी आपल्या तारांसाठी गावचे रस्ते वापरायची आणि त्या बदल्यात गावाला एक वाहिनी, शिवाय ती चालवायचा खर्च द्यायची. हा सगळा पसारा आर्मँड ब्यूलियू सांभाळायचा, लुसीलच्या थोरल्या बहिणीचा, क्लेअरचा नवरा. मंडळाच्या सभा, पोरांचे हॉकीचे सामने, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी रविवारची प्रार्थना, म्हाताऱ्यांच्या फ्रेंचमधल्या गप्पा, सगळं तो घरोघर पोचवायचा. क्लेअर गेल्यापासून तो घरी फक्त झोपायला जायचा.

शनिवारी तो लुसीलकडे घेवडा आणि काळा पाव खायला येई. तेव्हाच तिनं त्याला सांगितलं.

"आर्मँड, मी केबल मागणार आहे."

त्यानं चमचा खाली ठेवला. "आणि मी काय करू?"

"तू तिथं फुकट राबतोस. तुझा पगार थोडाच बुडणार आहे?"

"फुकट राबतो म्हणून तर विचारतोय."

"मग त्या पोरांचं काय करू? तूच सांग."

"मला कशाला विचारतेस? तुझं ठरलंय. क्लेअरही अशीच. आधी पडदे शिवायची, मग विचारायची, रंग कुठला घेऊ म्हणून."

स्टुडिओ सोडून केबल घ्यायचा करार मंजूर झाला, त्या सभेचं चित्रण आर्मँडनंच केलं. लुसीलचा हात वर गेला तेव्हा कॅमेरा तिच्यावर होता. सभा संपल्यावर त्यानं वायर कोपराभोवती गुंडाळली, दिवे उतरवले. "आवाज स्वच्छ आलाय," एवढं म्हणून तो निघून गेला. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

बर्फ वितळल्यावर कंपनीची माणसं तळ्याकडे घरं मोजायला आली. मैलामागे ठरावीक घरं असली तरच केबल टाकायची, अशी अट होती. घरं भरपूर आहेत, हे लुसीलला बसच्या खिडकीतून पाठ होतं. पण त्यातली निम्मी उन्हाळ्यापुरती उघडणारी. कुलूप असलेलं घर कंपनी घर धरायला तयार नव्हती.

"घर कशाला म्हणायचं, ते आपण ठरवूनच घेतलं नाही," गावाचा वकील म्हणाला. प्रायरची बदली झाली होती. फोनवरची मुलगी अदबीनं एकच वाक्य म्हणत राहिली, हा रस्ता निकषात बसत नाही.

त्याच वर्षी पानगळीत एका बाहेरच्या ठेकेदाराला गिरणीच्या जागेवर कचऱ्याच्या भट्टीतली राख पुरायची परवानगी हवी होती. पूर्वी अशी सभा घराघरात दिसली असती आणि दुसऱ्या दिवशी लोक मंडळाच्या दारात उभे ठाकले असते. आता खुर्च्या रिकाम्या होत्या. दोन हात बाजूनं आणि एकट्या लुसीलचा विरोधात.

ट्रक येऊ लागले तेव्हा दुकानातली बर्नडेट तिला म्हणाली, "बस चालवायचीस तेच बरं होतं गं. आमच्या उशाशी राख आणून टाकलीत."

"मी विरोधात होते, बर्नडेट."

"असशील. बघितलं कुणी?"

लुसीलनं दुधाची बाटली उचलली आणि ती बाहेर पडली.

आर्मँड लेकीकडे कनेक्टिकटला कायमचा चाललाय, हे तिला चर्चमध्ये तिसऱ्याच बाईकडून कळलं. ती त्याच्या घरी गेली. तो क्लेअरच्या बश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. फार वाळला होता.

"तळ्याकडे केबल येणार नाही, आर्मँड."

"कळलं मला."

"मला खरंच वाटलं होतं..."

"पोरांना मिळाली असती ना, तर मी राग गिळला असता," तो म्हणाला. "आता कशाच्या जिवावर गिळू?"

खोक्याला चिकटपट्टी लावायला तिनं हात पुढे केला, तर त्यानं खोकं आपल्याकडे ओढून घेतलं. ती निघाली. परतताना गिरणीच्या वळणावर राखेचे ट्रक आडवे होते. ते आत जाईपर्यंत तिला गाडी थांबवून बसावं लागलं.