पतंगांची खोली

माझे वडील पाठीवर फवारणीचा पंप असतानाच कापसात कोसळले, तेव्हा मी शहाद्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. वारा फिरला होता आणि औषध त्यांच्याच तोंडावर आलं होतं. दवाखान्यात त्यांनी मला ओळखलं नाही. ते वाचले, पण त्या औषधाचा वास कुठून आला तरी मी अजून नाकाला ओढणी लावते.

पुढे आमच्या ब्राह्मणपुरीहून शहाद्याकडे जाताना रस्त्यालगत मित्रकीटक तयार करणारी एक लहानशी प्रयोगशाळा सुरू झाली. मी लगेच तिथे नोकरी धरली. काम ऐकायला सोपं होतं. ज्वारीच्या भरड्यावर करड्या रंगाचे पतंग वाढवायचे, त्यांची अंडी चाळून घ्यायची आणि डिंकाने कागदावर चिकटवायची. त्या अंड्यांवर जेमतेम दिसणारे मित्रकीटक सोडायचे, म्हणजे ते त्यात आपली अंडी घालतात. असा कागद उसाच्या पानाखाली टाचला की बाहेर पडलेले कीटक खोडकिडीची अंडी शोधून संपवतात. या कागदाला सगळे ट्रायकोकार्ड म्हणतात.

वडील आधी तयार नव्हते. किडे मारायचे सोडून विकत आणून शेतात सोडायचे, ही गोष्ट त्यांना भयंकर वाटली. मी मागे लागले म्हणून त्यांनी एका बांधाकडच्या उसात कार्ड लावले आणि रोज जाऊन कोंब चिरून पाहू लागले. कीड कमी दिसली. मग साऱ्या उसात, नंतर कापसातही कार्ड लागले. पंप गोठ्याच्या आढ्याला टांगला गेला आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

माझं काम पतंगांच्या खोलीत होतं. पतंग बाहेर जाऊ नयेत म्हणून खोलीला दोन दारं होती आणि खिडक्या बंद. पतंगांच्या पंखांवरची भुकटी हवेत तरंगत असे. दुपारपर्यंत ती पापण्यांवर, ओठांवर बसे. तोंडाला रुमाल बांधून मी अंड्यांसाठी एकेक पतंग काचेच्या नळीत धरत असे. दुसऱ्या हिवाळ्यात खोकला लागला तो जाईना. नंतर जिना चढतानाही छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

आईच्या मनात एकच आलं, क्षय. माझ्या लग्नाचं तेव्हा बोलणं चाललं होतं. "कोनलेच सांगू नको," एवढंच ती म्हणाली. शहाद्यात कोणी ओळखीचं भेटेल म्हणून ती मला एसटीने नंदुरबारला घेऊन गेली. रस्ताभर ती डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसली होती. बेडका तपासला, एक्स-रे काढला. रिपोर्ट येईपर्यंत तिने माझं ताट-पेला वेगळं ठेवलं, आणि तसं ठेवताना माझ्याकडे बघायचं टाळलं. क्षय नव्हता. आई देवापुढे रडली. मला मात्र जास्तच भीती वाटू लागली, कारण आता त्या आवाजाला नावही उरलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत एका सकाळी मी खोलीत एकटीच ट्रे उघडत होते. पतंगांचा लोट वर आला आणि माझा श्वास अडकला. आत घेता येईना, बाहेर सोडता येईना. दार समोर दिसत होतं, पण पाय हलेनात. मी फरशीवर बसले. पतंग केसांवर, हातांवर येऊन बसत होते आणि ते झटकायचीही ताकद नव्हती. वडिलांना कापसात असंच झालं असेल, एवढंच मनात आलं. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताईंना शेजारच्या खोलीत ट्रे पडल्याचा आवाज आला, म्हणून त्या धावत आल्या आणि त्यांनी मला ओढत बाहेर नेलं.

या वेळी डॉक्टरांनी आधी काम विचारलं. मी ओढणीला लागलेली करडी भुकटी दाखवली. दमा आहे आणि तो यानेच वाढतोय, त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

घरी आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते मी वडिलांना सांगितलं. ते उठले आणि गोठ्यात जाऊन पंप खाली काढून पुसू लागले.

"तू ते काम सोडी दे," ते म्हणाले. "मी आते परत फवारी लिसू."

मी पंपाचा पट्टा धरला. दवाखान्यातला त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा माझा. काम सोडणार नाही, पण त्या खोलीत जाणार नाही, एवढं मी त्यांना कबूल केलं. त्यांनी पंप पुन्हा टांगला, पण पुन्हा फवारणार नाही असं वचन काही मला दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला अंगणापलीकडे कार्ड कापायच्या टेबलावर बसवलं. पतंगांच्या खोलीत हवा बाहेर ओढणारे पंखे बसले, चांगले मास्क आले आणि तिथे पाळी लावून काम सुरू झालं. माझ्या जागी गावातली एक विधवा बाई आली. पहिल्याच आठवड्यात मी तिला माझी सगळी हकीकत सांगितली. तिने नीट ऐकून घेतलं आणि मास्क बांधून आत गेली, कारण घरी दोन मुलं होती.

माझं लग्न झालं, सासर जवळच आहे, नोकरी तीच आहे. पर्समध्ये श्वासाचा पंप असतो. वडील अजून उसाला कार्डच लावतात. पण गेल्या महिन्यापासून पतंगांच्या खोलीजवळून गेलं की बंद दारामागून बारीक खोकला ऐकू येतोय. काल मी कात्री खाली ठेवली, दार वाजवलं आणि त्या बाईला बाहेर बोलावलं. धूळ आहे, दुसरं काही नाही, असं ती म्हणाली. उद्या सकाळच्या एसटीने मी तिला नंदुरबारला नेणार आहे. ती येईल की नाही, ठाऊक नाही.