गावंडे सरांचा थर्मामीटर

गावंडे सर प्रयोगशाळेत शिरताना कुणाकडेही पाहत नसत. आधी दाराशेजारी टांगलेला थर्मामीटर पाहायचा, फळ्याच्या कोपऱ्यात तो आकडा खडूने लिहायचा आणि मगच आमचा नमस्कार घ्यायचा. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात यावरून त्यांची भरपूर टिंगल चाले. टिंगल करण्यात मीही मागे नव्हते.

सर मूळचे तेल्हाऱ्याचे. वर्गात इंग्रजी, प्रयोगशाळेत अस्सल वऱ्हाडी. मी पीएच.डी.साठी गेले तेव्हा त्यांनी एका जुन्या औषधाचा रेणू कागदावर काढून दाखवला. "याले पाच हात हायेत. आपल्याले एकाच हातात बांगडी भरायची हाये. बाकीच्या चौघायले पत्ता नाही लागला पाह्यजे."

ते औषध पोटातल्या आम्लात फुटून बरेचसे वाया जाई. नेमक्या एका जागी छोटासा बदल केला तर ते टिकेल, असा सरांचा होरा होता. हा बदल घडवायला धातूचा उत्प्रेरक त्यांना नको होता. "धातू औषधात उरला तं पेशंटच्या पोटात जाते," म्हणत. अमिनो आम्लापासून त्यांनी स्वतःच एक साधा सेंद्रिय उत्प्रेरक बनवला होता. बारा वर्षे ते त्याच्या मागे होते आणि दरवेळी बांगडी दोन-तीन हातांत चढत होती. बर्फावर ठेवले तर प्रयोग पुढेच सरकत नसे.

मी तिवशाहून पहिल्या एसटीने येई आणि साडेसातला प्रयोग लावी. सर अकराला येईपर्यंत तो पुरा होई. जानेवारीतल्या एका सकाळी तपासणीच्या पट्टीवर तीन ठिपक्यांऐवजी एकच ठिपका उमटला. एक ठिपका म्हणजे एकच पदार्थ. सरांनी ती पट्टी खिडकीशी नेऊन तीनदा पाहिली. "जमलं ना बाप्पा!" एवढेच बोलले आणि सगळ्यांसाठी गिलावडे मागवले. त्या आठवड्यात आणखी तीनदा तेच घडले.

वही मात्र मी शनिवारी एकदम भरली. तापमानाच्या रकान्यात प्रत्येक पानावर पंचवीस. "आकडा पाह्यल्याबिगर लिहू नको" हे सरांचे रोजचे वाक्य, पण मी थर्मामीटरकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. पुस्तकात खोलीचे तापमान पंचवीस धरतात, म्हणून लिहिले. अकराच्या उन्हात फळ्यावरही साधारण तोच आकडा असे, त्यामुळे सरांना शंका आली नाही.

पेपर छापून आला. वर्षभराने बाहेरून पत्रे येऊ लागली की हा प्रयोग आमच्याकडे जमत नाही. सर स्वतः प्रयोगाला उभे राहिले. मे महिना, कूलर गरम हवा फेकत होता. गार पाण्यात भांडे ठेवून सर काटेकोर पंचवीस अंश राखत होते आणि पट्टीवर पुन्हा तीन ठिपके येत होते. कुणी दुसरे काही सुचवले की म्हणत, "जे छापलं ते आधी जमलं पाह्यजे." मग माझ्याकडे वळून, "काहून होऊन राह्यलं वं असं?"

मला तेव्हाच आठवले होते. जानेवारीतल्या त्या सकाळी माझी बोटे बधिर झाली होती, स्वेटरची बाही ओढून मी बाटल्या उघडत होते. खोली पंचवीसला नव्हतीच. पण माझी तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. मी गप्प बसले.

सरांनी पेपर मागे घेतला. कारणाखाली लिहिले, जबाबदारी माझी. मला पदवी मिळाली, नोकरी लागली. सर निवृत्त होऊन अकोल्याला राहायला गेले.

गेल्या दिवाळीत भेटायला गेले तेव्हा कॅन्सरने ते अंथरुणाला खिळले होते. काकूंनी उशी लावून बसवले. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर म्हणाले, "एक सांग पोरी. त्या जानेवारीत थर्मामीटर पाह्यला होता ना तू?"

"हो सर. पंचवीसच होतं."

त्यांनी डोळे मिटले. "मंग माह्याच उत्प्रेरकात खोट असन."

महिन्याभरात सर गेले. कॉलेजातल्या शोकसभेत एकजण म्हणाले की आपली चूक मान्य करायला मोठे मन लागते, ते सरांकडे होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही किळस येते.

या जानेवारीत परवानगी काढून मी जुन्या प्रयोगशाळेत गेले. सकाळी साडेसातला थर्मामीटर पंधरावर होता. तोच प्रयोग लावला. अकराला पट्टीवर एकच ठिपका होता. पेपर छापणाऱ्या मासिकाला मी माझ्या नावानिशी सगळे कळवले आणि ती पट्टी घेऊन अकोल्याला गेले.

काकूंनी सगळे ऐकून घेतले. रागावल्या नाहीत. पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे त्यायले दाखवायचं होतं बाई," त्या म्हणाल्या. "मले काय कयते यातलं?"