आश्रुबाचा वायरलेस आणि दत्तरावांचा हुंकार

आश्रुबा आमच्या जीपचा वायरलेस ऑपरेटर आणि मी ड्रायव्हर. राणीसावरगावच्या बौद्ध घरातला हा गडी लष्करात सिग्नलला होता, एकाहत्तरची लढाई पाहून आलेला. त्र्याहत्तर साली धरणाच्या जीपला सेट बसला आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तोवर सेट कचेरीतल्या टेबलावर असायचा. आता मागच्या सीटवर लोखंडी पेटी, टपावर लांब काडी आणि चक्क चालत्या गाडीतून बोलणं! खोटं कशाला सांगू, मीही हरखून गेलो होतो.

भाकरी खाता खाता तो मला शिकवायचा. "व्यंकटराव, रेडिओवर निस्तं ऐकायचं. आपला सेट म्हंजे एकाच गाडीची वाट. एक गाडी आली की दुसरीनं बाजूला थांबायचं. बटण दाबलं की बोला, सोडलं की ऐका. दोघांनी दाबलं की दोघंबी बहिरे. दोन वाटा असल्या तर दोघं एकदमच बोलतेत, तसले सेटबी निघालेत. एक दिवस लोकं खिशात घालून फिरतीन, बगा!"

"आधी ही पेटी खिशात घालून दाखव," मी म्हणायचो.

पलीकडे, धरणावरच्या सेटवर दत्तराव बसायचे. भला माणूस, पण सारा जन्म पोथी ऐकण्यात गेलेला. कुणी बोलायला लागलं की हुंकार द्यायचा, नाही दिला तर बोलणाऱ्याचा अपमान, असं त्यांचं ठाम मत. आणि सेटवर हुंकार द्यायचा म्हणजे बटण दाबायचं! आश्रुबाचं निम्मं बोलणं रोज तिथंच बुडायचं. शंभरदा समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी चार वाजता धरणाचे दरवाजे उघडणार होते. गावोगाव दवंडी झाली होती, तरी नदीकाठ एकदा पाहून यावा म्हणून आम्ही निघालो. साडेतीनला वळणावर आलो आणि मी करकचून ब्रेक दाबला. नदीच्या मधोमध खडकावर माणसं! परगावची भोई मंडळी, सकाळीच मासे धरायला उतरलेली. दवंडी त्यांच्या कानावर पडलीच नव्हती. मी बोंब ठोकली. त्यांची म्होरकी बायनाबाई लगेच समजली, पण होडी एकच, खेपेला तिघं बसणार, आणि खडकावर लेकराबाळांसह अकरा जीव.

आश्रुबानं बटण दाबलं. "दत्तराव, खडकावर मानसं हायेत, दरवाजे उघडू नका!"

उत्तर आलं, "जी, जी. बोला, ऐकायलोय."

पुन्हा सांगितलं. "बरं, बरं. मंग?"

तिसऱ्यांदाही तेच. मी दत्तरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चारला दहा मिनिटं उरली होती.

आश्रुबा एकाएकी शांत झाला. "त्यांची सवय सुटणार न्हाई. मंग आपुनच पोथी लावू."

त्यानं बटण दाबलं. "खडकावर." सोडलं.

"हूं."

"मानसं हायेत."

"हूं?"

"अकरा जीव."

"अरे देवा!"

"दरवाजे उघडू नका."

पलीकडून काहीच नाही. हुंकारसुद्धा नाही! दत्तराव खुर्ची सोडून पळाले असणार, असं म्हणत मी नाचायलाच लागलो. पण खरं काय ते कळायला मार्ग नव्हता. होडीच्या खेपा चालू होत्या. चार वाजले. चार वाजून दहा झाले. नदी होती तशीच होती.

मग सेट खरखरला. दत्तरावांना धाप लागली होती. "सायबांनी थांबवलंय. समदे आले का काठाला?"

शेवटची खेप नुकतीच टेकली होती. आश्रुबानं बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत राहिला. लढाई पाहिलेला माणूस, डोळ्यांना धार लागली होती. बायनाबाई एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत जीपपाशी आली, लेकरांना दोनदा मोजलं, आणि आश्रुबाच्या हातातल्या माइकपाशी तोंड नेऊन म्हणाली, "समदे हायेत. आता सोडा तुमचं पानी."