मल्हारीनं शपथ घेतली न्हाई

मी तातेराव. राजूरपासून पाच किलोमीटरवर आमचं गाव, अन् चतुर्थीला गणपतीला पायी जाणारा मी माणूस. माझं डोकं जल्दी फिरतं, हे सगळ्या गावाला ठावं हाय. आमच्या गावचा धनगर मल्हारी येशूला मानायला लागला तवा त्याला सगळ्यात जास्त शिव्या मीच घातल्या. तरी त्याची गोष्ट मीच सांगून राह्यलो, कारण ती दुसऱ्या कुणाला बराबर सांगता यायची न्हाई.

दहा वर्षांखाली मी मोसंबीची दोनशे कलमं लावली. सहा महिन्यांत ती गुडघ्याएवढी झाली होती. एक दिवस मी भोकरदनच्या बाजाराला गेल्तो. परत येऊन बघतो तर निम्म्या बागेचे शेंडे कुरतडलेले, साली सोललेल्या अन् खाली लेंड्याच लेंड्या. त्या दिवशी शिवारात मेंढरांचे दोनच कळप होते. एक मल्हारीचा अन् एक कचरूचा. दोघं एकाच भावकीतले, लहानपणापासून संगं हिंडलेले. दोघं बी म्हणले, माझी मेंढरं न्हाईत.

आमच्याकडं असल्या भांडणाची एक रीत हाय. मारुतीच्या पारावर गाव बसतं, बेलाचं पान अन् खंडोबाचा भंडारा पुढं ठेवतात. जो खरा असंल त्यानं तो उचलायचा. एकदा उचलला की विषय संपला, पुन्हा कुणी काढायचा न्हाई. मल्हारी पुढं झाला अन् उचलला. "माझं एक मेंढरू बागेत गेलं न्हाई. कचरूची गेलेली मी डोळ्यानं बघितली," म्हणला. कचरू मात्र जागचा हलला न्हाई. म्हणला, "मी न्हाई म्हणलो, तेवढं बस. झाडाझुडपासाठी मी देवाला मधी घालणार न्हाई."

झाडाझुडपासाठी म्हणे. माझं टाळकं सरकलं. हा भंडाऱ्याला हात लावत न्हाई म्हंजी चोर हाच, असं मी भर पारावर बोललो. गावानं माना डोलावल्या.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी थांबणारा न्हाई. आमच्या भागात सुगी झाली की शेतकरी धनगराची मेंढरं रात्री आपल्या रानात बसवून घेतात. रानाला खत मिळतं, त्याला धान्य मिळतं. मी घरोघर फिरून सांगितलं, कचरूची मेंढरं कुणी बसवायची न्हाईत. दोन वर्षांत त्यानं कळप इकला अन् बायको-लेकरं घेऊन अंबडला गेला. तिथं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायला लागला. त्याची आई बायनाबाई गावातच राह्यली. ती पाण्याला निघाली की पोरंसोरं 'चोराची आय' म्हणायची. मी ऐकलंय ते, अन् गप बसलोय.

मल्हारीचं काय झालं म्हणाल तर तो दारूत बुडाला. आधी सांजच्याला प्यायचा, मंग दुपारी, मंग उठल्या उठल्या. बायको दैवशाला पोरगी प्रांजलीला घेऊन माहेरी निघून गेली. एकदा भोकरदनला तो नालीत पडला अन् हात फाटला. तिथं ज्योत्स्नाबाई म्हणून एक रिटायर नर्स हायेत, त्यांनी उचलून घरी नेलं अन् पंधरा दिवस मलमपट्टी केली. त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत रविवारी येशूची प्रार्थना होते. हा आधी पट्टीसाठी जायचा, मंग प्रार्थनेला बसायला लागला. मी एकदा रस्त्यात गाठून इचारलं, "काय वाटतात रे तिथं? पैसे का कपडे?" तो हसला. "काही न्हाई दादा. चहा सुद्धा घरूनच पिऊन जावं लागतं."

चार दिवसांचं नाटक हाय, असं मी सगळ्यांना सांगत होतो. वर्ष झालं, दोन झाली, ह्यानं दारूला हात लावला न्हाई. दैवशाला परत आली. मेंढरं पुन्हा साठ झाली. माझं बोलणं खोटं पडून राह्यलं होतं अन् त्याचा मला लई राग होता, हे कबूल करतो.

मागच्या पौषात एका सकाळी मी धार काढत होतो. मल्हारी गोठ्याच्या दारात येऊन उभा राह्यला. म्हणला, "दादा, तुमची बाग माझ्या मेंढरांनी खाल्ली. कचरूनं न्हाई."

मला आधी उमगलंच न्हाई. तो थांबला न्हाई. "मी पिऊन लिंबाखाली झोपलो होतो. जाग आली तवा मेंढरं आत. विहिरीच्या अंगाला तुमच्या कुंपणाला भगदाड होतं, तिथून शिरली."

त्या भगदाडाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाग खाल्ली त्याच सांजेला बाभळीच्या फांद्या टाकून बुजवलं होतं, कारण कुंपण उघडं टाकल्याचा ठपका माझ्यावर आला असता. म्हंजी हा खरं बोलत होता. मी उठलो अन् त्याच्या कानाखाली वाजवली. तो तसाच उभा राह्यला.

"मंग भंडारा कसा उचललास तू?"

"भ्यालो होतो दादा. अन् उचलल्यावर काही झालंच न्हाई. मेंढरं मेली न्हाईत, पोरीला साधा ताप आला न्हाई. वाटलं, पचलं. पण कचरूचं तोंड डोळ्यापुढून हलंना, म्हून पीत गेलो."

"अन् आज कशी अक्कल आली?"

"रोज प्रार्थनेत माफी मागत होतो. परवा ज्योत्स्नाबाईला सगळं सांगितलं. त्या म्हणल्या, देवाकडं मागितली ते चांगलं केलं. पण ज्याचं तोंड काळं केलं त्याच्याकडं कधी जाणार? मला गावापुढं बोलायचंय दादा. कचरूचं नाव मी घालवलं, मीच आणणार."

त्याच दिवशी पारावर माणसं जमली. मल्हारीनं सगळं सांगितलं, एक शब्द गिळला न्हाई. आमचा सरपंच राधेश्याम तापला. "भंडारा एकदा उचलला तो उचलला. देव बदलला म्हून आता खंडोबाला खोटं पाडतो काय?"

"खंडोबा खोटा असं मी म्हणलो न्हाई. मी खोटा."

"मंग तुझ्या त्या पुस्तकावर हात ठेव अन् बोल."

"न्हाई ठेवणार. येशूच्या मागं चालायला लागलो तवाच शपथ सोडली. हाय ते हाय म्हणायचं, बस. अन् शपथ घेऊन मी काय दिवे लावले ते तुम्ही आत्ताच ऐकलं."

लोक हसले. शपथ घेत न्हाई म्हंजी ह्याचं काही खरं न्हाई, असं म्हणून धोतरं झटकून उठून गेले. मी बी घरी आलो. लोकांचं ते बोलणं मला बिलकुल पटलं नव्हतं, तरी भगदाडाचं मी सांगितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी मेंढरं सोडायच्या आधी मल्हारी पारावर येऊन बसला. जो जाईल त्याला म्हणायचा, "कचरू चोर न्हाई. बाग माझ्या मेंढरांनी खाल्ली." तिसऱ्या दिवशी बी तेच. पोरं नक्कल करायची. भावकीनं बोलणं सोडलं, लग्नाचं आवतण दिलं न्हाई. दैवशाला चिडून म्हणली, "प्रांजलीला पाहुणे बघायला येतील आता, अन् तुम्ही घरची अब्रू पारावर मांडून बसले." तो म्हणला, "कचरूची दहा वर्षं मांडलेली हाय." दुसऱ्या दिवशी त्याला न्याहारी तिनंच पारावर आणून दिली.

वीस दिवस मी हे येता-जाता बघितलं. भगदाडाचं ठावं नसतं तरी मला पटलं असतं. माणूस खोटं बोलतो ते काहीतरी वाचवायला. ह्याचं तर रोज काहीतरी जाऊन राह्यलं होतं. एकविसाव्या दिवशी मी म्हणलो, "ऊठ. अंबडला चल."

यष्टीत दोघं एका बाकड्यावर बसलो. मोंढ्यात कचरू सापडला. डोक्याचे केस पार पांढरे, पाठीत बाक आलेला. मल्हारीनं आडवळण घेतलं न्हाई, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कचरू पोत्यावर बसून ऐकत होता.

"माझ्या आईला सांगितलं?" त्यानं इचारलं.

"सगळ्यात आधी तिलाच. तिनं दार लावून घेतलं. मी रोज जातो. आता दार उघडं ठेवते, बोलत न्हाई."

"जात राह्य," कचरू म्हणला. मंग माझ्याकडं वळला. "दादा, तुम्ही कशाला आले?"

"मला पटलं, मल्हारी खरं बोलतो."

"त्यानं शपथ घेतली?"

"न्हाई."

"मंग कसं पटलं?"

"माणूस खरं बोलत असला की कळतं रे."

कचरूनं आवाज चढवला न्हाई. चढवला असता तर बरं झालं असतं. "मी बी बिगर शपथीचंच खरं सांगत होतो दादा. माझं का न्हाई कळलं?"

बाग मल्हारीच्या मेंढरांनी खाल्ली, पण घरोघर फिरून कचरूचं पोट मारणारा मल्हारी नव्हता. येताना यष्टीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो अन् डोळे पुसत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावर गेलो. मल्हारीला म्हणलं, "सरक." त्याच्या बाजूला बसलो. पहिला राधेश्यामच आला.

"सरपंच, थांब," मी म्हणलो. "कचरूनं दहा वर्षांखालीच खरं सांगितलं होतं. त्याला गावातून मी घालवलं."

तो आमच्या दोघांकडं बघत म्हणला, "तातेराव, तू बी बाटला का काय?"

"न्हाई," मी म्हणलो. "ऐकून घे अन् मंग जा."