जुनं रक्त

"हे रक्त सगळं आजचं नाही," डॉक्टर म्हणाले. "थोडं ताजं आहे, पण बरंचसं जुनं आहे. दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं."

रविवारची दुपार होती. उल्हासनगरच्या एका खासगी हॉस्पिटलात सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर मी उभी होते. तासाभरापूर्वी अंबरनाथच्या एका हॉलमध्ये, जाळीच्या रिंगणात, माझी मुलगी प्रणाली दुसऱ्या एका मुलीशी लढत होती. आता ती स्ट्रेचरवर होती आणि स्वतःचं नाव नीट सांगू शकत नव्हती.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सबड्युरल हेमाटोमा. मेंदूवर जे आवरण असतं, त्याच्या खाली रक्त साचतं आणि मेंदू दबत जातो. मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं. जुनं रक्त म्हणजे काय? मार तर तिला आज बसला होता, माझ्या डोळ्यांसमोर.

प्रणाली बावीस वर्षांची आहे. आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये राहतो. तिचे पप्पा एमआयडीसीत ऑपरेटर आहेत, मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात चेकिंग करते. ती शाळेत ज्युडो खेळायची. कॉलेजात गेल्यावर मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या क्लासला जायला लागली. कुस्ती, ज्युडो, बॉक्सिंग, लाथा, सगळं त्या एका खेळात असतं. चार वर्षं ती मला फायटी बघायला बोलवत होती. मी जात नव्हते. त्या रविवारी पहिल्यांदा गेले.

आणि मी जे पाहिलं ते असं. एक मुलगी माझ्या मुलीच्या छातीवर बसून तिच्या तोंडावर ठोसे मारत होती आणि लोक शिट्ट्या वाजवत होते. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा फाइट थांबली होती. प्रणाली उठली, चालत बाहेर आली, माझ्याकडे पाणी मागितलं. दोन घोट घेतले आणि उलटी झाली. मग तिची जीभ जड झाली. हॉलवर डॉक्टर होते, ॲम्ब्युलन्स होती, म्हणून आम्ही लगेच पोचलो.

वेटिंगमध्ये तिचे कोच विनोद सर तिची बॅग मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले. तुम्ही याला खेळ म्हणता, पोरींना एकमेकींच्या जिवावर सोडता, असं बरंच काही.

तेवढ्यात डॉक्टर पुन्हा आले. गेल्या महिन्याभरात हिच्या डोक्याला आणखी कधी लागलं होतं का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, सरावात तीनेक आठवड्यांपूर्वी एक किक लागली होती, हेडगार्ड होतं, ती काही दुखत नाही म्हणाली. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "घरी काही?"

मी नाही म्हटलं.

मग ते गेल्यावर मला आठवलं. साधारण त्याच सुमारास मी माळ्यावरून स्टीलचा मोठा डबा काढत होते. प्रणालीने स्टूल धरलं होतं. डबा माझ्या हातातून निसटला आणि तिच्या कानाच्या वर लागला. मी बर्फ लावला. रिंगणात नाही, घरात मार खाल्ला, म्हणून आम्ही दोघी हसलोही होतो.

हे सांगायला दुसरा दिवस उजाडावा लागला. का, ते आजही नीट सांगता येत नाही. सरांना इतकं बोलून बसले होते.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. त्याला बर होल म्हणतात. कवटीला दोन छोटी छिद्रं पाडून साचलेलं रक्त काढतात आणि उरलेलं वाहून जावं म्हणून एक बारीक नळी ठेवतात. डोक्याला छिद्र हे ऐकायला भयंकर वाटतं, पण मेंदूच्या ऑपरेशनांत हे मोठं समजत नाहीत, असं सिस्टरनी सांगितलं. तुमच्यावर ही वेळ आली तर त्या शब्दाला घाबरू नका.

सोमवारी सकाळी मी डॉक्टरांना डब्याचं सांगितलं. वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, "त्यानेही झालं असेल, किकनेही झालं असेल. आता कुणीच सांगू शकणार नाही."

मला ते उत्तर नको होतं. कुणाचं तरी नाव हवं होतं, मग ते माझं असलं तरी चाललं असतं.

त्या दिवशी प्रणाली नीट बोलायला लागली आणि तिने तिसरीच गोष्ट सांगितली. पंधरा दिवस तिचं डोकं दुखत होतं. फाइट रद्द होईल म्हणून ती कुणाला न सांगता दुखण्याच्या गोळ्या घेत होती. डॉक्टर म्हणाले, त्यातल्या काही गोळ्यांनी रक्त वाहणं वाढूही शकतं. मी तिला काय बोलणार? मीही तर एक दिवस लपवलंच होतं.

तिसऱ्या दिवशी, आयसीयूतून वॉर्डात हलवल्यावर, ती दुसरी मुलगी आली. मुस्कान. कॅम्प तीनलाच राहते, मी रोज कामाला जाते त्या गल्लीच्या मागे. तिच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. ते प्रणालीचं काम होतं, हे मला उशिरा लक्षात आलं. मी तिला बस म्हटलं नाही. ती उभ्यानेच बोलली.

"आंटी, इसके हाथ एकदम ढीले हो गए थे. मला कळलं ना, ही बचाव करत नाहीये. म्हणून मी थांबले. रेफ्रीने नंतर थांबवलं."

मी प्रणालीकडे पाहिलं. तिने मान हलवली. दुसरी कुणी असती तर अजून चार मारले असते, असं ती म्हणाली. समोरच्याचं अंग हाताला कळलं पाहिजे, सर पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात.

मग मी मुस्कानला स्टूल दिलं. मी कारखान्यात कापडावर हात फिरवून शिलाई कुठे चुकली ते ओळखते. मला ते यायला सहा वर्षं लागली. या मुलीने ठोसा मारता मारता ते ओळखलं होतं. पण ठोसेही तिचेच होते. दोन्ही गोष्टी एकाच हातांच्या, आणि मला त्या वेगळ्या करता येईनात.

डिस्चार्जच्या वेळी मी डॉक्टरांना सरळ विचारलं, हा खेळ आहे की मारामारी? "मेंदूला तो फरक कळत नाही," ते म्हणाले. "त्याला फक्त धक्का कळतो." प्रणालीला यापुढे डोक्यावर मार बसेल असा कुठलाही खेळ खेळता येणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. ती रिक्षात घरापर्यंत रडली. मला मनातून सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तिचं रडणं मला बघवतही नव्हतं.

ज्यांच्या घरात असं कुणी खेळतं, त्यांना मी एवढंच सांगेन. डोक्याला लागलं, मग ते मैदानात असो की घरात, तर महिनाभर लक्ष ठेवा. डोकेदुखी, उलटी, जास्त झोप, बोलण्यात गडबड, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. आणि दुखतंय म्हणून सांगितल्यावर खेळ बंद होईल, अशी भीती मुलांना घालू नका. मी घालत होते. खेळ सोडावा की नाही, ते मला विचारू नका.

चार महिन्यांनी मुस्कानची फाइट होती. प्रणाली म्हणाली, मम्मी, चल. मी नको नको म्हणत गेले. या वेळी डोळे मिटले नाहीत. मुस्कानने समोरच्या मुलीचा पाय कसा अडकवला, वजन कसं एका बाजूला टाकलं, हे प्रणाली माझ्या कानात सांगत होती आणि मला ते दिसत होतं. एकदा मुस्कान मागे सरकली तेव्हा सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा आवाज आला, "हनुवटी खाली घे!" तो माझा होता. प्रणाली माझ्याकडे बघतच राहिली. माझी मलाच लाज वाटली.

मुस्कान जिंकली. सगळे तिच्याकडे धावले. मी मात्र हरलेल्या मुलीकडे गेले. अठरा-एकोणीसची असेल, टॉवेल खांद्यावर टाकून एकटी खुर्चीत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि डोकं दुखतंय का, असं विचारलं.

ती पटकन नाही म्हणाली. मी उठले नाही. तिने तिच्या सरांकडे पाहिलं, ते लांब होते. मग हळूच म्हणाली, "थोडंसं."

मी तिचा हात धरला आणि दाराजवळ बसलेल्या डॉक्टरांकडे तिला घेऊन गेले.