त्रुफेनाचं नाक

पेरेसने त्रुफेनाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्रुफेनाचं नाक एका सोफ्याच्या गादीत खुपसलेलं होतं. तळ्याकाठच्या किसुमू शहरात, किबुये बाजारात, सुताराच्या दुकानाबाहेर, भर रस्त्यावर. येणारेजाणारे थांबून बघत होते आणि ही उंच, हाडकुळी बाई गुडघे टेकून, डोळे मिटून निवांत वास घेत होती. मग ती उठली, झग्याची धूळ झटकली आणि दुकानदाराला म्हणाली, "कापड नवं आहे, भाऊ. आतला फोम कुणाच्या तरी घरी दहा वर्षं झोपलाय."

दुकानदाराने तिला तिच्या नाकावरून बरंच काही ऐकवलं. पण ती वळताच त्याने तो सोफा मागच्या रांगेत ढकलला. पेरेसने ते बरोबर टिपून ठेवलं.

पुढे तिला कळलं, की ही बाई घरोघरी जाऊन सोफे स्वच्छ करते आणि त्यांचा वास घालवते. माहेर असेंबोचं, म्हणून सगळे तिला 'असेंबोची लेक' म्हणत. या कामाआधी तिने बारा वर्षं तळ्याकाठी मासळी वाळवली होती. मासळीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला वास कळेनासा होतो, असा लोकांचा समज. त्रुफेनाचं उलट झालं होतं. मासळी बिघडायच्या आदल्या दिवशीच तिला कळायचं.

तिची गरज पडेल असं मात्र पेरेसला कधी वाटलं नव्हतं. कारण पेरेसची बैठकीची खोली म्हणजे आळीचा अभिमान. सोफ्याच्या प्रत्येक पाठीवर, हातावर, अगदी रेडिओवरसुद्धा तिने स्वतः विणलेली पांढरी क्रोशाची झाकणं. दर पंधरा दिवसांनी ती धुवायची, कसाव्याच्या कंदाच्या पिठाची दाट खळ करायची आणि झाकणं त्यात बुडवायची. मग त्यांची टोकं अशी ताठ उभी राहत की पाहुणे जरा जपूनच टेकत.

आणि याच खोलीत, तिच्या लेकीला, बेरिलला, मागणी घालायला केंडू बे गावाहून मुलाकडची मंडळी येणार होती त्याच आठवड्यात, वास सुटला. आंबट वास. पातेल्यात दोन दिवस विसरलेल्या लापशीसारखा.

पेरेसने आधी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुमचे मोजे."

"मी मोजे घालतच नाही," ओडेरो वर्तमानपत्रातून म्हणाला.

"मग पाय."

त्याने पाय धुतले. वास राहिला. शेजारच्या मांजराला दार बंद झालं, तरी वास राहिला. पेरेसने घरातलं सगळं अत्तर फवारलं, तेव्हा खोलीला आंबट गुलाबाचा वास येऊ लागला. पाहुणे शनिवारी येणार होते. मुलाची मोठी आत्या सोबत असणार होती, आणि त्या घरात आत्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. वासाच्या घरातली मुलगी, असं एकदा ती म्हणाली की संपलंच.

सोमवारी पेरेसने असेंबोच्या लेकीला निरोप धाडला.

मंगळवारी सकाळीच त्रुफेना आली. तिने सोफ्याच्या सगळ्या खुर्च्या अंगणात काढायला लावल्या. फटींत हात घालून शेंगदाण्याची टरफलं, दोन बटणं आणि ओडेरोचा चष्मा बाहेर काढला. त्या चष्म्यावरून ओडेरो आपल्या भावाशी वर्षभर अबोला धरून होता.

"आता भावाला काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"की खुर्चीने चोरला," त्रुफेना म्हणाली.

तिने गाद्यांवर खायचा सोडा चाळणीने भुरभुरला आणि दुपार टळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग ब्रशने झाडलं, काठीने बडवलं. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून, फडकं घट्ट पिळून कापड पुसलं. "वरून पुसायचं, आत पाणी जाऊ द्यायचं नाही," ती पुटपुटत राहिली. "फोमने एकदा पाणी प्यायलं की तो महिनाभर तक्रार करतो." जाताना प्रत्येक खुर्चीखाली टोपलीभर कोळसा ठेवून गेली.

संध्याकाळी खोलीला कसलाच वास नव्हता. पेरेसने समाधानाने ताजी खळ केलेली झाकणं खुर्च्यांवर चढवली.

गुरुवारी सकाळी वास परत आला.

दुपारपर्यंत नळावरच्या सगळ्या बायकांना कळलं, की असेंबोच्या लेकीचं नाक म्हातारं झालं. हे पेरेसच म्हणाली होती. ते त्रुफेनाच्या कानावर गेलं आणि ती आली. या वेळी बादली नाही, ब्रश नाही. तिने गादीचा वास घेतला, पाठीचा घेतला, मग एक झाकण उचलून नाकाशी धरलं आणि हळूच परत जागेवर पसरलं. बाईचं विणकाम म्हणजे तिचं लेकरू, हे तिलाही माहीत होतं.

"बेरिलची आई, ही वाळवतेस कुठे गं?"

"खुर्चीवरच. ओली घातली की खुर्चीचा आकार धरतात. माझी आई असंच करायची."

"तुझ्या आईच्या खुर्च्या कसल्या होत्या?"

"लाकडाच्या."

"तेच. लाकडाला चालतं. इथे तू फोमवर ओली लापशी पसरतेस. या आठवड्याच्या ढगाळ हवेत ती आंबणार नाही तर काय करणार?"

पेरेसचा चेहरा उतरला. दारातून ओडेरो म्हणाला, "म्हणजे माझे पाय सुटले."

"तुम्ही गप्प बसा." ती त्रुफेनाकडे वळली. "मग काय, पाहुण्यांपुढे खुर्च्या उघड्याबोडक्या ठेवू?"

"धू, दोरीवर कडक वाळव, मग घाल. पण खळ नको, दमट हवेत ती पुन्हा ओल धरते."

"लुळी पडतील."

"पडू दे. वास देत नाहीत ना."

त्रुफेनाने पदरचा सोडा घालून खुर्च्या पुन्हा झाडल्या. शुक्रवारी ऊन पडलं. पेरेसने खळीचं पातेलं दोनदा चुलीवर चढवलं आणि दोनदा उतरवलं.

शनिवारी आत्याबाई आल्या. जाड चष्मा, बोटांवर सुईचे घट्टे. विणणारी बाई, हे पेरेसने दारातच ओळखलं. आत्याबाईंनी बसल्या बसल्या झाकणाचं टोक बोटांत धरलं. ते मान टाकून लोंबलं.

"खळ नाही घातलीस?"

"नाही," पेरेस म्हणाली.

"बरं केलंस. माझ्या बहिणीकडे टेकलं की पाठीवर नक्षी उमटते." आणि त्या मागे रेलल्या. मासा झाला, मक्याच्या पिठाची उगाली झाली, बोलणी झाली, तरी आत्याबाई त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. शेवटी "मुलगी आमची" हेसुद्धा त्या रेलूनच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पेरेस स्वतः माशाचा डबा घेऊन त्रुफेनाकडे गेली. वाटेत नळावर थांबून, तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "असेंबोच्या लेकीचं नाक ठणठणीत आहे. चूक माझी होती."

या गोष्टीला सहा वर्षं झाली. बेरिल केंडू बेला सुखात आहे. त्रुफेना आता बासष्टची झाली आणि अजूनही खुर्च्यांचे वास घेत घरोघरी फिरते. तिच्या स्वतःच्या घरात बसायला दोन लाकडी बाकं आहेत.